उपवासकाळात आपला समाईक विश्वास दृढ कसा धरावा : पुण्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंतचा काळ पुण्यातील मराठी मंडळ्यांमध्ये कोणी उपवासकाळ म्हणून, कोणी प्रायश्चित्तकाळ म्हणून, तर कोणी लेंट म्हणून पाळतात. हा काळ पहिल्यांदाच मनापासून पाळू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अहिल्यानगर, जालना किंवा सोलापूरकडून नोकरी-शिक्षणासाठी येऊन पिंपरी, हडपसर किंवा वडगाव शेरीत खोली घेऊन राहिलेले तरुण, लग्नानंतर वेगळ्या परंपरेच्या ख्रिस्ती घरात आलेल्या स्त्रिया, बाप्तिस्म्याची तयारी करणारे आणि बऱ्याच वर्षांनी चर्चची पायरी पुन्हा चढणारे, असे सगळे येथे डोळ्यांसमोर आहेत.

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की या दिवसांत सोडायचे काय? मटण सोडायचे, चहा सोडायचा की मोबाईल? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी पश्चात्ताप करणारा माणूस कोणत्या भूमीवर उभा राहून पश्चात्ताप करतो, हे पाहिले पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात प्रभू येशू पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा, अशा दोन आज्ञा एका दमात देतो, आणि अनेक चर्चमध्ये कपाळावर राख लावताना हेच वचन उच्चारले जाते. यातील पहिली आज्ञा पाळून दुसरी विसरली, की चाळीस दिवस नीट पाळणाऱ्याच्या मनात अहंकार शिरतो आणि ज्याचे पाचव्याच दिवशी मोडते तो खचून जातो. म्हणून या लेखाचा सारा भर एका गोष्टीवर आहे : मंडळीने एकमुखाने कबूल केलेला विश्वास हाताशी ठेवून पश्चात्ताप करावा, एकट्याने आपले मन तपासत बसू नये.

आधी एक मंडळी धरा

पुण्यात चर्चची वाण नाही. नाना पेठेतील सिटी चर्चची सुरुवात 1792 मध्ये पेशव्यांनी दिलेल्या जागेवर झाली. कॅम्पातील सेंट मेरीज चर्च 1825 चे आहे. गुरुवार पेठेत पंचहौदचे पवित्र नाम देवालय आहे, कसबा पेठेत ब्रदर देशपांडे मेमोरियल चर्च आहे, आणि उपनगरांतून तर शाळेच्या सभागृहात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या कितीतरी लहान मंडळ्या आहेत. एकाच चर्चमध्ये इंग्रजी, मराठी आणि तमिळ उपासना वेगवेगळ्या वेळी होतात, त्यामुळे मराठी उपासना किंवा मराठी मिस्सा किती वाजता असते, हे आधल्या आठवड्यातच चर्चच्या कचेरीत विचारून घ्यावे.

ही विपुलताच नवख्याला भोवते. एका रविवारी येथे गाणी चांगली, दुसऱ्या रविवारी तेथे संदेश चांगला, असे करत तो सगळीकडे जातो आणि कोणाचाच होत नाही. उपवासकाळातील सहा रविवार आणि सातवा पुनरुत्थानाचा, एवढे सात रविवार तरी एकाच मंडळीत, शक्यतो एकाच बाकाच्या आसपास बसावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटून आपले नाव, गाव आणि सध्याचा पत्ता सांगावा, आणि हा काळ मी पहिल्यांदाच नीट पाळणार आहे, असे स्पष्ट म्हणावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. तिसऱ्या रविवारी आपण आला नाहीत तर कोणीतरी विचारपूस करावी, एवढी ओळख होणे महत्त्वाचे आहे. मोबाईलवर ऐकलेला संदेश कितीही उत्तम असला, तरी आपण कोठे होतात हे तो विचारत नाही.

तारखांविषयी थोडक्यात. राखेचा बुधवार ते पुनरुत्थानाच्या आधीचा शनिवार हे 46 दिवस होतात. त्यांतील सहा रविवार वगळले की चाळीस उरतात, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने तो उपवासात धरत नाहीत. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार 28 मार्चला येतो. केरळहून आलेल्या सुरियानी परंपरेच्या मंडळ्या पुण्यात आहेत, त्या आपला मोठा उपवास राखेच्या बुधवाराआधीच्या सोमवारपासूनच सुरू करतात. तर काही मंडळ्या असा काळ दिनदर्शिकेनुसार पाळतच नाहीत आणि उपवास-प्रार्थनेचे दिवस स्वतः ठरवतात. आपली मंडळी त्या प्रकारातली असेल, तर तिच्याशी वाद न घालता पुढे सांगितलेला क्रम घरी पाळता येईल.

विश्वासांगीकार पाठ करा, आणि आठवड्यागणिक उलगडा

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

उपवासकाळ आणि विश्वासांगीकार, म्हणजे मंडळी एकत्र उभी राहून म्हणते ती विश्वासाची कबुली, यांचे नाते फार जुने आहे. 325 मध्ये निकैया येथे भरलेल्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, ही कबुली शब्दांत बांधली. त्याच परिषदेच्या पाचव्या नियमात पुनरुत्थानाच्या आधीच्या चाळीस दिवसांचा उल्लेखही सापडतो. पुढे इ. स. 350 च्या सुमारास यरुशलेमेच्या सिरिल यांनी बाप्तिस्म्यासाठी नाव दिलेल्या उमेदवारांना याच दिवसांत, प्रभूच्या वधस्तंभाच्या जागी उभारलेल्या चर्चमध्ये, विश्वासांगीकाराचे एकेक कलम समजावून दिले. तो कागदावर लिहून घेऊ नका, अंतःकरणावर कोरून ठेवा, असे त्यांनी आपल्या श्रोत्यांना बजावले होते. म्हणजे आज ज्याला आपण पश्चात्तापाचा काळ म्हणतो, तो त्या वेळी नवख्यांना विश्वास हाती सोपवण्याचाही काळ होता. तोच क्रम आपणही धरावा, असे मला वाटते.

मराठी उपासनेत बहुधा प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हटला जातो, आणि प्रभुभोजनाच्या किंवा मोठ्या सणाच्या दिवशी काही ठिकाणी निकैयाचा म्हणतात. रविवारी हा क्षण नीट पाहावा. सगळी मंडळी उभी राहते, पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बाया पुस्तक मिटून, पदर सावरून, खालच्या सुरात पण न अडखळता बोलू लागतात. मागच्या बाकांवरची मुले त्यांच्यामागे अर्धा शब्द रेंगाळत असतात. आणि ‘पंतय पिलाताच्या’ या शब्दांपाशी सगळ्यांचा वेग नकळत एक होतो. नवखा माणूस पुस्तकात पान शोधेपर्यंत निम्मे म्हणून झालेले असते. म्हणून पहिल्या आठवड्याचे काम एवढेच, की आपल्या मंडळीच्या उपासनेच्या पुस्तकातला मजकूर वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घ्यावा आणि सकाळ-संध्याकाळ मोठ्याने म्हणून पाठ करावा. वेगवेगळ्या पुस्तकांत शब्द थोडे वेगळे असतात. आपल्या मंडळीत जे म्हणतात तेच घ्यावे, म्हणजे रविवारी आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळेल.

पाठांतर चालू असतानाच पहिल्या कलमावर, म्हणजे सर्वसमर्थ देव पिता आणि आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता यावर, रोज थोडा वेळ विचार करावा. पश्चात्तापाची सुरुवात आपल्या चुकांच्या यादीने करण्याची सवय असते. ही सवय मोडावी आणि आधी आपण कोणाचे आहोत हे म्हणावे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा शुद्धीवर आला तेव्हा त्याला पहिल्यांदा बापाचे घर आठवले, आणि मग आपले पाप. तो अध्याय या आठवड्यात पूर्ण वाचावा.

दुसऱ्या आठवड्यात येशू ख्रिस्त, देवाचा एकुलता पुत्र, आपला प्रभू, कुमारी मरीयेपासून जन्मलेला, एवढा भाग घ्यावा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची पहिली अकरा वचने त्याच्या जोडीला वाचली, तर प्रभूने स्वतःला किती रिक्त केले हे कळते आणि आपला उपवास किती लहान आहे हेही कळते.

यानंतरचा क्रम मी मुद्दाम बदलला आहे. दुःखसहनाचे कलम शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवावे, आणि तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात पवित्र आत्मा, पवित्र सार्वत्रिक मंडळी, पवित्र जनांची संगती आणि पापांची क्षमा ही कलमे घ्यावीत. त्याचे कारण व्यावहारिक आहे. कोणाकडे क्षमा मागायला जायचे असेल, कोणाचे देणे फेडायचे असेल, तर त्याला वेळ लागतो, आणि पवित्र सप्ताह, म्हणजे पुनरुत्थानाआधीचा शेवटचा आठवडा, उजाडल्यावर ते काम घाईने उरकले जाते किंवा राहून जाते.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले, वधस्तंभी खिळला गेला, मेला व पुरला गेला, हे कलम चारही शुभवर्तमानांतील वर्णनांसह वाचावे. पिलात हा इ. स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार होता, आणि त्याचे नाव कोरलेला शिलालेख 1961 मध्ये कैसरिया येथे सापडला. आपल्या विश्वासांगीकारात एका सामान्य सरकारी अधिकाऱ्याचे नाव आले आहे, यावर नवख्याने जरूर विचार करावा : आपले तारण एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट शहरात, विशिष्ट राजवटीत घडले, असे मंडळी दर रविवारी सांगते. पुनरुत्थानाची कलमे मात्र पुनरुत्थानाच्या रविवारीच उलगडावीत. रोजच्या म्हणण्यात ती असतीलच.

एखादे कलम जिभेवर येते पण मनात बसत नाही, असे झाले तर घाबरू नये. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आणि त्यानंतरही त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव या शिकवणीविषयी, त्यांना प्रश्न होते. त्यांनी ते दडपले नाहीत, वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून ते स्पष्टपणे मांडले, आणि तरीही प्रभूला सोडले नाही. पुढे याच रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद केला. प्रश्न वहीत लिहावा, पाळकांना किंवा मंडळीतील जाणत्या माणसाला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मंडळीबरोबर उभे राहून म्हणत राहावे. आपला विश्वास उणा असतो तेव्हा बाजूच्या माणसाचा विश्वास आपल्याला धरून ठेवतो. मंडळीत एकत्र म्हणण्याचा हाच तर उपयोग आहे.

उपवास : स्वयंपाकघरातील बाजू

कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस, आणि 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या व्यक्तींना तो बंधनकारक आहे. दिवसात एक पूर्ण जेवण आणि दोन हलके अल्पाहार चालतात. राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, आणि हा नियम 14 वर्षांपासून लागू होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा एकच लिखित नियम बहुधा नसतो. कोणी बुधवार आणि शुक्रवार धरतात, कोणी एक वेळचे जेवण सोडतात, कोणी चाळीस दिवस मांसाहार बंद ठेवतात. नवख्याने पहिल्या वर्षी झेपेल तेवढेच घ्यावे, आणि काय घेतले हे मंडळीतील एका माणसाला सांगून ठेवावे.

आपल्याकडे हा काळ फेब्रुवारीच्या थंड सकाळीपासून मार्च-एप्रिलच्या उन्हापर्यंत पसरतो. मार्चअखेर पुण्यात दुपारचे ऊन कडक होते, म्हणून निर्जळी उपवास दुचाकीवरून दिवसभर फिरणाऱ्याने किंवा कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्याने करू नये. मधुमेही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसे आणि लहान मुले यांना अन्नाच्या उपवासातून मोकळे ठेवावे. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात. परीक्षेला बसणाऱ्या मुलाने पोटभर जेवावे आणि त्याऐवजी रोज एखादे स्तोत्र वाचावे. एक्कावन्नावे स्तोत्र त्यासाठी फार चांगले आहे.

उपवासाची थाळी साधी असावी. भाकरी, पिठले, पातळ आमटी, भात, एखादी पालेभाजी, एवढे पुरे. मांस सोडून त्या जागी पनीरचे महागडे पदार्थ मागवले, तर नियम पाळला जातो आणि उपवास हरवतो. मटणाचे जे पैसे वाचतील ते त्याच दिवशी एका डब्यात बाजूला काढावेत. महिनाअखेर हिशेब करू म्हटले की ते घरखर्चात विरून जातात. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता, हे सांगितले आहे : जुलमाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे. डब्यातले पैसे कोठे द्यायचे हे मंडळीत विचारून ठरवावे, आणि देताना नाव लागू देऊ नये.

याच दिवसांत होळी येते आणि पुष्कळदा गुढीपाडवाही येतो. शेजारच्या काकू पुरणपोळीचे ताट घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा माझा उपवास आहे, असे सांगून ते ताट परत पाठवू नये. प्रेमाने ठेवून घ्यावे, आपला दिवस संपल्यावर खावे किंवा घरातल्या इतरांना द्यावे, आणि त्यांचा डबा रिकामा परत करू नये. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपवास करणाऱ्याला तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून वावरायला सांगितले आहे ते याचसाठी. आपला उपवास देवाला दिसला, की पुरे. शुक्रवारी कचेरीच्या कँटीनमध्येही चिकन न घेण्याचे कारण कोणी विचारले, तर एका वाक्यात सांगावे, भाषण करू नये.

पापांगीकार आणि मोडलेली नाती

योएल संदेष्टा वस्त्रे फाडू नका, हृदये फाडा असे म्हणतो. हे घडायचे तर नेमके बोलावे लागते. माझ्याकडून पुष्कळ चुका झाल्या, एवढे म्हटल्याने कोणाचेच काही बदलत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून त्या दिवसातील एक गोष्ट नावानिशी देवापुढे ठेवावी : आज मी आईशी फोनवर तुटकपणे बोललो, आज मी दुसऱ्याच्या कामाचे श्रेय घेतले, घरी काम करणाऱ्या मावशींची मागच्या महिन्याची रजा मी पगारातून कापली आणि ते न्यायाचे नव्हते. लूकच्या अठराव्या अध्यायातील जकातदाराची प्रार्थना, हे देवा, मज पाप्यावर दया कर, एवढीच त्यानंतर म्हणावी आणि झोपावे. रात्रभर स्वतःला दोष देत जागे राहण्यात भक्ती नाही.

कॅथलिक विश्वासणाऱ्यांनी या काळात पापनिवेदन करावे. गंभीर पापांसाठी वर्षातून एकदा तरी ते करण्याचा चर्चचा नियम आहे, आणि पवित्र सप्ताहात रांगा लांबतात म्हणून चौथ्या आठवड्यातच गेलेले बरे. बऱ्याच वर्षांनी जात असाल तर शब्द विसरलो आहे असे फादरना सांगावे, ते पुढे नेतात. प्रॉटेस्टंट उपासनेत सामुदायिक पापांगीकार असतो. मनावर विशेष ओझे असेल तर पाळकांची वेळ मागून घेऊन एकांतात बोलावे. पद्धती वेगळ्या असल्या तरी क्षमा ख्रिस्ताकडून कृपेने मिळते, कमाईने नाही, याविषयी मंडळ्यांमधील अंतर बरेच कमी झाले आहे. 1999 मध्ये कॅथलिक आणि लूथरन चर्चनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणा केली, आणि 2006 मध्ये मेथॉडिस्टांनी तिला दुजोरा दिला. नवख्याच्या कानावर जुनी भांडणे लवकर पडतात. ही बातमी सहसा पडत नाही.

यानंतर माणसांकडे वळावे. जक्कयाने चौपट परत देण्याची तयारी दाखवली, हे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आपल्याकडे गावच्या जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला असतो, रूममेटकडून घेतलेले डिपॉझिटचे पैसे राहिलेले असतात, लग्नाच्या वेळच्या मानपानावरून दोन घरे एका चर्चमध्ये असून एकमेकांकडे पाहत नाहीत. यांतील एकच नाते निवडावे. फोन करण्यापूर्वी प्रार्थना करावी, दोष कोणाचा हे सिद्ध करण्याचा मोह टाळावा, आपला वाटा तेवढा कबूल करावा आणि फोन ठेवावा. समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे अशी अट घालू नये. मात्र मारहाण किंवा अत्याचार झालेल्या व्यक्तीने अत्याचार करणाऱ्याकडे परत जावे, असा याचा अर्थ कधीही घेऊ नये. तेथे सुरक्षितता आधी, आणि त्यासाठी पाळकांची व कायद्याची मदत घ्यावी.

आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. पवित्र जनांच्या संगतीवर मी विश्वास ठेवतो असे म्हणणाऱ्या आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये आजही लग्न जुळवताना, मूळचे कोण, हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. 1890 मध्ये याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठे वादळ उठले होते, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही पुढे त्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोणाबरोबर बसून चहा प्यायला, याबद्दल ते प्रायश्चित्त होते. ख्रिस्ती पश्चात्ताप माणसाला नेमका उलट दिशेला, ज्याला आपण दूर ठेवले त्याच्याच मेजापाशी, नेतो. म्हणून या काळात चर्चमधील ज्या कुटुंबाकडे आपण कधीच गेलो नाही, त्यांच्याकडे चहाला जावे आणि त्यांना आपल्याकडे बोलवावे. मी हे सुचवणीच्या सुरात लिहीत असलो, तरी माझ्या मते ते उपवासाइतकेच बंधनकारक आहे.

मतभेद आणि मोबाईलवरील शिकवण

या दिवसांत घरोघरी प्रार्थनासभा होतात, आणि व्हॉट्सअॅपवर संदेशांचा पाऊस पडतो. यांतील काय घ्यावे, हे नवख्याला कळत नाही. त्यासाठी वहीत उतरवलेला विश्वासांगीकारच हाताशी आहे. एखादी शिकवण ख्रिस्ताचे देवपण, त्याचे खरे मनुष्यपण, त्याचे मरण किंवा त्याचे सदेह पुनरुत्थान नाकारत असेल, तर ती देणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी ती सोडून द्यावी. जगाच्या शेवटाची तारीख सांगणारा संदेश पुढे पाठवू नये. तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही, असे प्रभूनेच म्हटले आहे. एकवीस दिवस उपवास करा म्हणजे व्हिसा मिळेल, असे सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण उपवास हा देवाशी केलेला सौदा नाही. आणि पैसे मागितले गेले तर ते संभाषण तेथेच थांबवून आपल्या पाळकांना सांगावे.

याउलट, काही भेद असे आहेत की ते ठेवूनही आपण एकमेकांना भाऊ-बहीण म्हणू शकतो. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता व पुत्र यांच्यापासून, याबाबत पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील चर्चच्या निकैया विश्वासांगीकारात फरक आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारातील अधोलोकात उतरल्याचे वाक्य काही मंडळ्या म्हणत नाहीत. राख लावावी की नाही, लहान मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही, संतांकडे विनंती करावी की नाही, यांवर ठाम मते असू शकतात, आणि ती असावीत. पण उपवासकाळ हा त्यावरून नातेवाइकांना हरवण्याचा काळ नव्हे.

नवरा कॅथलिक आणि बायको सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची), अशी घरे पुण्यात अनेक आहेत. त्यांनी प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार रोज रात्री घरात एकत्र म्हणावा, शुक्रवारी शक्य असेल तर क्रुसाच्या वाटेला, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत केलेल्या प्रार्थनेला, दोघांनी जावे, आणि दुसऱ्या चर्चमध्ये पवित्र भोजन घेता येते का, हे स्वतःच ठरवून पुढे न जाता आधी त्या चर्चचा नियम विचारावा. कॅथलिक चर्चमध्ये इतरांना ते सहसा दिले जात नाही. त्या वेळी बाकावर बसून प्रार्थना करताना मनाला जी बोच लागते, ती दाबू नये. विभागलेल्या मंडळीचे दुःख हाही पश्चात्तापाचाच विषय आहे.

पवित्र सप्ताह, आणि त्यानंतर लगेच काय करावे

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी जपून ठेवावी; अनेक चर्चमध्ये पुढच्या वर्षीची राख तिच्यापासूनच करतात, म्हणून ती परत मागितली जाते. आज्ञेच्या गुरुवारी संध्याकाळची उपासना असते, तेव्हा कामावरून लवकर सुटण्याची सोय आधीच करावी. शुभ शुक्रवारी सरकारी सुटी असते, आणि बऱ्याच मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरील सात उद्गारांवर संदेश होतात. तीन तास लांब वाटतात, गर्दी होते, पंखे पुरत नाहीत. पाण्याची बाटली सोबत ठेवावी, लहान मूल असेल तर दाराजवळ बसावे, आणि सगळे उद्गार ऐकता आले नाहीत तरी पहिला, हे बापा, त्यांना क्षमा कर, तो चुकवू नये.

शनिवारी रात्रीची जागरण-उपासना कॅथलिक आणि काही अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये असते, आणि तिच्यात बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते : सैतानाला नाकारता काय, देव पित्यावर विश्वास ठेवता काय, असे प्रश्न विचारले जातात आणि सगळी मंडळी उत्तर देते. सहा आठवडे जे पाठ केले, ते येथे प्रश्नोत्तरांतून विचारले जाते. आपल्या चर्चमध्ये ही उपासना नसेल, तर पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेला जावे. काही मंडळ्या ती कबरस्तानात सूर्योदयाला ठेवतात, आणि शरीराच्या पुनरुत्थानाचे कलम तेथे, आपल्या माणसांच्या थडग्यांमध्ये उभे राहून म्हणणे हा वेगळाच अनुभव असतो.

पुनरुत्थानाच्या रविवारी जेवणाच्या गडबडीत एक काम मात्र करायचे राहू देऊ नये. पाळकांना किंवा फादरना भेटून पुढच्या वर्गाची चौकशी करावी. बाप्तिस्मा झालेला नसेल तर बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग, लहानपणी झाला असेल तर दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग, आणि दोन्ही झाले असतील तर मंडळीच्या यादीत नाव घालण्याची पद्धत. त्यासाठी गावाकडच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणि तेथील पाळकांचे पत्र लागते. नोंदवह्या जुन्या असतात आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ निघतो, म्हणून वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचे साधारण वर्ष लिहून गावी फोन करावा, आणि दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.